तार्मोचा एकोणिसावा गोल

फिनलंडमधल्या हाउकिरांतासारख्या गावात मुलगा फुटबॉल खेळायला लागला की घरचे जरा गप्प व्हायचे. हिवाळ्यात बर्फावरची हॉकी, उन्हाळ्यात गावाचा लाडका बॅट-बॉल, आणि या दोन्हींतून जो उरला तो फुटबॉलला, असं साधारण धरलेलं असे. तार्मो कीस्किनेनच्या वडिलांनी बॅट-बॉलमध्ये जिल्ह्यात नाव काढलं होतं. सातव्या वर्षी मुलाने बॅट टाकली आणि तो चेंडूला लाथा मारत सुटला, तेव्हा ते बायकोला म्हणाले होते की याच्या हातांत काही दोष आहे का ते एकदा डॉक्टरला दाखवून घे.

हातांत काही दोष नव्हता. पायांत मात्र काहीतरी होतं. एप्रिलमध्ये बर्फ ढकलून मोकळ्या केलेल्या खडीच्या मैदानावर पोरं गुडघे सोलून घेत, चेंडू दगडासारखा उडे, आणि त्या गोंधळात तो शेवटी तार्मोच्याच पायाशी येऊन थांबे. याला नशीब म्हणायचं की अक्कल, यावर लोक वाद घालत. प्रशिक्षक घालत नसत. ते म्हणत, फॉरवर्ड हा हावरट असावा लागतो आणि हे पोरगं हावरट आहे. त्यांनी त्याला एक गोष्ट लहानपणीच शिकवली होती. चेंडू आत जाताना त्याला तुझा केस जरी लागला, तरी हात वर करायचा.

सतराव्या वर्षी तार्मो मोठ्यांच्या संघात आला. क्लबचं नाव हाउकिरांता पालो, पण सगळे हापाच म्हणत. तिथे त्याला आऊलिस तोल्वानेन भेटला. आऊलिस बारा वर्षांनी मोठा, बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा, उंचीने दाराच्या चौकटीएवढा. दिवसा प्लायवूडच्या कारखान्यात गोंदाच्या प्रेसवर काम करायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा तेव्हा त्याच्या अंगाला बर्चच्या लाकडाचा वास असायचा. बोलणं मोजकं. समोरचा फॉरवर्ड कितीही नावाजलेला असो, आऊलिसजवळ आला की त्याला सामना फार लांबल्यासारखा वाटायचा. एवढं सगळं असून या माणसाने हापासाठी कधीच गोल केला नव्हता. एका वर्षी नाही, दोन वर्षं नाही, कधीच नाही. म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं होतं शून्या. त्यात कुचेष्टा थोडी आणि माया जास्त होती. "शून्या, आज तरी?" असं कुणी स्टँडवरून ओरडलं की तो हात हलवून दाखवायचा.

तार्मोकडे गाडी नव्हती, म्हणून बाहेरगावच्या सामन्यांना आऊलिस त्याला घरून उचलायचा. आऊलिसची बायको राइली बेकरीत कामाला होती. ती राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, आत भात भरलेल्या करंज्या आणि वर लावायला उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी असा डबा द्यायची, आणि त्यातल्या निम्म्या पोराला खाऊ घाल असं बजावायची. वाटेत आऊलिस तार्मोला खेळातलं सांगायचा. फॉरवर्ड कुठे उभा राहिला की बचाववाल्याला नकोसं होतं, कोणत्या खांद्यामागून आलास तर तू त्याला दिसत नाहीस. चौदा वर्षं फॉरवर्ड अडवण्यात घालवलेल्या माणसाने आपली सगळी गुपितं एका फॉरवर्डला देऊन टाकली. तार्मोचे गोल वाढत गेले, त्यातले निदान निम्मे त्या गाडीत शिकलेले होते.

अठ्ठ्याऐंशीचा मोसम हापासाठी मोठा होता. वरच्या श्रेणीत टिकून राहिले होते आणि तार्मोचे अठरा गोल झाले होते. दुसऱ्या एका गावच्या फॉरवर्डचेही अठराच होते, पण तो आदल्या दिवशी शेवटचा सामना खेळून मोकळा झाला होता. म्हणजे ऑक्टोबरातल्या त्या रविवारी घरच्या मैदानावर तार्मोने एक गोल केला, की देशाचा गोलराजा तो एकटाच. बेल्जियमच्या एका क्लबचा माणूस त्या वर्षी दोनदा चौकशी करून गेला होता. अठरा गोलांचा भागीदार त्याला नको होता. त्याला गोलराजा हवा होता.

त्याच सामन्यानंतर आऊलिस थांबणार होता. छत्तीस वर्षांचा झाला होता, गुडघे कुरकुरत होते.

पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. बरोबरी चालली होती आणि तार्मोला दिवसभर चेंडू नीट मिळाला नव्हता. सात मिनिटं राहिली असताना डावीकडून कॉर्नर मिळाला. आऊलिस सहसा कॉर्नरला पुढे जात नसे, पण त्या दिवशी प्रशिक्षकांनीच त्याला जा म्हणून खूण केली. चेंडू जवळच्या खांबाकडे आला. आऊलिस उडाला आणि त्याने कपाळाने तो खाली दाबला. तार्मो गोलरेषेपाशी गोलकीपरला अडवत उभा होता. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला. इतक्या जवळून की त्यावरचं पाणी त्याच्या गालावर उडालं. पण लागला नाही. जाळीत गेला.

तार्मोचा हात वर गेला होता. तो कधी गेला हे त्याला कळलं नाही, एवढं खरं. सगळे त्याच्या अंगावर येऊन पडले. ते उठले तेव्हा समोर रेफरी वही घेऊन उभा होता. चष्म्यावरचं पाणी पुसत त्याने विचारलं, "नऊ नंबर?"

इथे मात्र हाताचा काही संबंध नव्हता. इथे तोंडाने सांगायचं होतं.

"हो," तार्मो म्हणाला.

आऊलिस तीन पावलांवर होता. त्याने ऐकलं. तो जवळ आला, तार्मोच्या ओल्या केसांवरून त्याने एकदा पंजा फिरवला आणि आपल्या जागेवर परत गेला.

सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये आरडाओरडा चालला होता. आऊलिस कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. नाड्या भिजून घट्ट झाल्या होत्या हे खरं, पण त्याला लागला तेवढा वेळ नाड्यांना लागत नाही. त्याने दोनदा मान वर करून तार्मोकडे बघितलं. तार्मोला वाटलं, उद्या सांगू. आज सगळे आहेत, उद्या त्याला एकट्याला गाठून सांगू.

दुसऱ्या दिवशी पेपरात तार्मोचा फोटो आला. खाली मोठ्या अक्षरांत एकोणीस.

पुढच्या शनिवारी क्लबने आऊलिसला निरोप दिला. कारखान्यातल्या दोस्तांनी प्लायवूडचं भलंमोठं शून्य कापून आणलं होतं, क्लबच्या निळ्या रंगात रंगवलेलं. ते कुणाच्या हस्ते द्यायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. ज्याने सगळ्यात जास्त गोल केले त्याने, ज्याने एकही केला नाही त्याला. सगळे पोट धरून हसत होते. तार्मोने ते शून्य उचलून आऊलिसच्या हातांत दिलं. ते जड होतं. आऊलिस म्हणाला, "नीट धर, पायावर पडेल." एवढंच.

जानेवारीत तार्मो बेल्जियमला गेला.

तिथल्या क्लबने त्याला दुसऱ्या श्रेणीत खेळवायला नेलं होतं. स्टेशनवरच त्याचं चित्र लागलं होतं, त्यावर फिनलंडचा गोलराजा आणि एकोणीसचा आकडा. जो तो त्याच आकड्याने ओळख करून देई. दुकानदार, घरमालकीण, संघातले. पहिल्या महिन्यात त्याला मजा वाटली. मग तो आकडा ऐकला की त्याच्या गालावर थंड पाणी उडल्यासारखं व्हायला लागलं.

गोल झाले, पण हवे तेवढे नाहीत. लोक म्हणत, पाय तेच आहेत, भूक गेली. एकदा गर्दीतून एक चेंडू आत गेला आणि दोघंजण त्यावर हक्क सांगू शकत होते. रेफरी बघत होता. तार्मोने ताबडतोब दुसऱ्याकडे बोट दाखवलं. नंतर फिल्म पाहिली तर चेंडू तार्मोच्याच नडगीला लागून आत गेला होता. प्रशिक्षक चिडले. तुझा स्वतःचा गोल तुला कळत नाही, असला फॉरवर्ड घेऊन मी काय करू, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. ज्याने एकदा दुसऱ्याचा घेतला होता, त्याला आता स्वतःचाही घ्यायची हिंमत होत नव्हती, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगणार?

अडीच वर्षांनी त्याला तिथून निरोप मिळाला. मग स्वीडनच्या उत्तरेला चार मोसम, त्यात एकदा गुडघ्याचं ऑपरेशन. राष्ट्रीय संघात एकदाच नाव आलं, तो सामना त्याने बाकावर बसून पाहिला. पंच्याण्णवमध्ये तो हाउकिरांताला परत आला, हापासाठी आणखी दोन वर्षं खेळला, आणि मग त्याने बाजारपेठेत रंगाचं दुकान घातलं. स्वीडनमध्ये भेटलेल्या हेन्नाशी त्याचं लग्न झालं होतं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. संसार नीट चालला होता. दुकानाच्या भिंतीवर गल्ल्याच्या मागे तोच जुना फोटो लावलेला होता. तो त्याने लावला नव्हता. क्लबच्या लोकांनी दुकानाच्या उद्घाटनाला भेट दिला आणि स्वतःच खिळा ठोकून गेले.

आऊलिस दुकानात यायचा. होडीचा रंग, खिडकीचा रंग, ब्रश. हवेबद्दल बोलायचा, तळ्यात मासे कसे लागताहेत ते सांगायचा. गोलाचा विषय त्याने कधीच काढला नाही. दर वेळी तार्मोच्या मनात येई की आज सांगू, आणि दर वेळी एखादं गिऱ्हाईक दार ढकलून आत येई.

एकदा राइली आली. स्वयंपाकघराच्या कपाटांना रंग हवा होता. डबा घेऊन ती जायला वळली, आणि मग परत फिरली. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"तार्मो, एक विचारू? वेड्यासारखं वाटेल तुला. तो शेवटच्या सामन्यातला गोल, तो तुझाच होता ना?"

दुकानात दोन माणसं होती. तिच्या मागे फोटोच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता.

"हो. माझाच," तो म्हणाला. "थोडा डोक्याला लागला होता."

"बरं," राइली म्हणाली. "एवढंच हवं होतं मला." आणि गेली.

त्या प्रश्नामागे काय असेल याचा तार्मोने विचार केला नाही, किंवा केला आणि अर्ध्यावर सोडला. पहिल्या वेळी घाई होती, पाऊस होता, हात आपोआप वर गेला होता, असं तो स्वतःला समजावू शकत होता. या दुसऱ्या वेळेसाठी त्याच्याकडे काहीही नव्हतं. पुढे राइलीला कॅन्सर झाला आणि ती गेली, तेव्हा तो अंत्यविधीला मागच्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता निघून आला.

दोन हजार चौदामध्ये हापाला ऐंशी वर्षं पूर्ण होणार म्हणून क्लबने इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. काम घेतलं सिनिक्का पुहाक्का बाईंनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शुद्धलेखन शिकवलं होतं, तार्मोलाही. सप्टेंबरात त्या टाइप केलेले कागद घेऊन दुकानात आल्या. आकडे बघून घे म्हणाल्या, तुझ्या काळातले तूच सांगू शकशील.

तार्मोने पानं उलटली. खेळाडूंची यादी होती. आऊलिस तोल्वानेन, सामने दोनशे एक्क्याण्णव, गोल शून्य.

त्याने ते पान आठवडाभर जवळ ठेवलं. जेवताना गप्प, झोपताना गप्प. शेवटी रविवारी हेन्नाने चमचा खाली ठेवला आणि काय असेल ते बोल म्हणाली. त्याने गोलाचं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग खुर्चीला टेकून बसली.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं दुसरी कुणी बाई आहे."

"हसू नकोस."

"हसत नाही रे. पण इतकी वर्षं तू झोपेत दात खातोस ते एका गोलासाठी? जाऊन सांग त्याला आणि मोकळा हो."

ती इतक्या सहज म्हणाली की त्याला आणखीच लाज वाटली. कारण त्याने अर्धंच सांगितलं होतं. राइलीचा प्रश्न त्याने तिच्यापासूनही लपवला होता.

सिनिक्काबाईंकडे तो पान परत द्यायला गेला तेव्हा त्याने त्यांनाही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, वर्गात कुणी खोटी सही करून आणली की ठेवायच्या तसाच.

"मी लिहू शकते," त्या म्हणाल्या. "पण आधी त्याला विचारून ये. त्याची वस्तू आहे. मला काय सांगतोस?"

आऊलिसचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. ऑक्टोबर संपत आला होता, बर्चची पानं गळून गेली होती. आऊलिस अंगणात लाकडं फोडत होता. तार्मोला बघून त्याने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. तार्मो पाठ केलेलं सगळं विसरला. तो सरळ म्हणाला की तो गोल माझा नव्हता.

आऊलिसने लाकूड ठोकळ्यावर उभं केलं, फोडलं, दोन्ही तुकडे ढिगावर टाकले.

"चेंडू माझ्या कपाळाला लागला होता," तो म्हणाला. "तेवढं मला ठाऊक आहे."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं, तुझ्या केसाला लागला असेल. जाताना जरासा घासून गेला असेल, आणि तुला खरंच वाटत असेल की तुझा आहे. इतक्या जवळ होतास तू." त्याने कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली. "इतकी वर्षं मी तेच धरून चाललो होतो. पोरगं खोटं बोललं नाही, त्याला तसं वाटलं. आणि आज तू सांगतोस की तुला माहीत होतं."

आपण काहीतरी परत करायला आलो आहोत असं तार्मोला वाटत होतं. उरलंसुरलं होतं तेही आपण घेऊन चाललो आहोत हे त्याला आत्ता कळलं.

मग आऊलिसने राइलीचं सांगितलं. एरवी न बोलणारा माणूस, पण बोलायला लागल्यावर थांबला नाही. त्या रविवारी राइलीची बेकरीत पाळी होती, तिला सामना बघता आला नव्हता. घरी गेल्यावर त्याने तिला सांगितलं की मी गोल केला. ती इतकी हरखली की तिने लगेच केक करायला घेतला, वर मलईने मोठा एकचा आकडा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. राइलीने वाचला, घडी करून ठेवला आणि केकचा तुकडा कापून त्याच्यासमोर सरकवला. बोलली काहीच नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं काहीच नाही. मग एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवरून भांडण झालं आणि ती म्हणाली की तू तेव्हाही थाप मारली होतीस, त्या गोलाची.

"चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एकदाही खोटं बोललो नाही," आऊलिस म्हणाला. "आणि तिला वाटायचं की एकदा बोललो. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की बहुतेक बोललोच असेन."

हे ऐकून निघून जाता आलं असतं. आऊलिसने त्याला हाकललं नव्हतं. पण तार्मोच्या डोळ्यांसमोर दुकानातली ती दुपार उभी राहिली होती.

"तिने मला विचारलं होतं," तो म्हणाला. "राइलीने. दुकानात येऊन. गोल तुझाच ना म्हणून. मी हो म्हणालो."

आऊलिसने त्याच्याकडे पाहिलं. तळ्यावरून वारा येत होता आणि शेडचा पत्रा हलत होता.

"कधी?"

"अठ्ठ्याण्णवला. वसंतात. कपाटांचा रंग न्यायला आली होती."

आऊलिसने हातमोजे काढले, झटकले, पुन्हा घातले. तो मारेल असं तार्मोला क्षणभर वाटलं आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं.

"म्हणजे ती बिचारी माझी बाजू शोधायला आली होती," आऊलिस म्हणाला. "आणि तू तिला हात हलवत परत पाठवलंस." मग तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? शनिवारी सगळे दफनभूमीत येतात. तूही ये. तिला सांग."

तो शनिवार मृतांच्या स्मरणाचा होता. दुपारी तीनलाच उजेड कमी व्हायला लागतो, आणि गाव मेणबत्त्या घेऊन टेकडीवर जातं. थडग्याथडग्यावर ज्योती लागतात, लोक हळू आवाजात बोलतात, ओळखीचे भेटले की मान हलवतात. तार्मो एकटाच आला. हेन्नाला त्याने आदल्या दिवशी उरलेलं अर्धंही सांगितलं होतं. या वेळी ती "एवढंच?" असं म्हणाली नव्हती. मी येऊ का, असं तिने विचारलं होतं, आणि तो नको म्हणाला होता.

राइलीच्या दगडाशी आऊलिस उभा होता. मेणबत्ती लावून झाली होती. तो दोन पावलं बाजूला सरकला आणि त्याने तार्मोला जागा करून दिली.

तार्मोने टोपी काढली. दगडाशी कसं बोलायचं हे त्याला कळेना. मनातल्या मनात म्हणावं असं त्याला वाटलं, पण आऊलिस ऐकायला उभा होता. मग तो बोलला. त्याला वाटलं होतं त्याहून आवाज मोठा निघाला.

"राइली, तो गोल आऊलिसचा होता. त्याने हेडर मारला. मला चेंडू लागलाच नाही. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तो खोटं बोलला नव्हता. मी बोललो."

दोन थडग्यांपलीकडे एक बाई वाकून काडी ओढत होती. ती काडी तिच्या हातातच विझली. तिच्या नवऱ्याने मान वळवून पाहिलं. आणखी मागे कुणीतरी बोलायचं थांबलं. तार्मोला कान तापल्याचं जाणवलं, पण टोपी घालायचं सुचलं नाही. आऊलिस खाली बघत होता. शेवटी तो म्हणाला, "झालं. जा आता." कॉफीला ये म्हणाला नाही.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं. काही लोक मुद्दाम आले आणि फोटोकडे बघून, खिळे घेऊन गेले. हापाचे अध्यक्ष आले आणि बाबा रे, ऐंशी वर्षांच्या समारंभाच्या तोंडावरच तुला हे आठवायचं होतं का, असं वैतागून विचारून गेले. तार्मोबरोबर खेळलेला जुना गोलकीपर रस्त्यात भेटला तर पलीकडे बघायला लागला. तो आजही बघतो. काही जण उलट म्हणाले की जाऊ दे रे, फॉरवर्ड असेच असतात. ते ऐकून त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्याच दिवशी त्याने फोटो उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. रंगाच्या दुकानात बसून ती भिंत रंगवायला त्याचा पुढे बरेच महिने हात उचलला नाही.

देशातल्या फुटबॉलचे आकडे ठेवणाऱ्यांना त्याने पत्र लिहिलं. सभ्य भाषेत उत्तर आलं. रेफरीच्या अहवालात जे आहे तेच ग्राह्य धरलं जातं, आणि तो रेफरी आता हयात नाही. त्यामुळे देशाच्या नोंदीत तार्मो कीस्किनेनचे गोल एकोणीसच आहेत आणि एकोणीसच राहतील. दुसऱ्या गावचा तो फॉरवर्ड, ज्याच्या वाट्याचा अर्धा मान गेला होता, त्यालाही तार्मोने फोन केला. तो म्हणाला की मला ते वर्ष नीट आठवतसुद्धा नाही, आणि मग आपल्या नातवांबद्दल बोलत राहिला. हे उत्तर दिलासा देणारं होतं. तार्मोला दिलासा वाटला नाही.

सिनिक्काबाईंच्या पुस्तकात मात्र छापलं गेलं, आऊलिस तोल्वानेन, सामने दोनशे एक्क्याण्णव, गोल एक. खाली बारीक अक्षरांत एक ओळ, गोल करणाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर तो आपल्या नावावर लावून घेणाऱ्याच्या कबुलीवरून. गाव लगेच कामाला लागलं आणि शून्याचा एक्का झाला. आऊलिसला ते मुळीच आवडलं नाही. चाळीस वर्षं ज्या नावाने हाक मारलीत ते आता बदलता कसलं, असं तो कारखान्याच्या जुन्या लोकांवर खेकसला. समारंभाला तो आला, पुस्तक घेतलं, पण व्यासपीठावर गेला नाही. तार्मो दाराजवळ उभा होता. दोघांनी एकमेकांना मान हलवली.

हिवाळा तसाच गेला. हेन्ना म्हणाली की आता तू दात खात नाहीस. तिला तसं वाटत असेल. तार्मोला झोपच उशिरा यायला लागली होती, म्हणून दातांची पाळी येत नव्हती. पूर्वी एकच गोष्ट आठवायची, वहीवर पाणी पडत असलेला रेफरी. आता केकही आठवे, जो त्याने पाहिलाही नव्हता.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला आणि एका शनिवारी सकाळी फोन वाजला. आऊलिस होता. हवेबद्दल एक वाक्य बोलला आणि म्हणाला, "होडीचा धक्का पाण्यात टाकायचाय. एकट्याला उचलत नाही. दोन माणसं लागतात."

तार्मो गेला. हिवाळ्यात काठावर ओढून ठेवलेला लाकडी धक्का, त्याचे तीन भाग आणि लोखंडी पाय. दोघांनी रबरी विजारी चढवल्या आणि पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की रबरातूनही हाडं दुखत होती. आऊलिस फक्त कामापुरतं बोलत होता. उचल. डावीकडे. थांब, दगड आहे. एका पायाचा बोल्ट गंजला होता, तो फिरवता फिरवता तार्मोच्या बोटांचं कातडं निघालं. दुपारपर्यंत धक्का सरळ उभा राहिला. आऊलिस त्यावर टोकापर्यंत चालत गेला, दोनदा पाय आपटून बघितले आणि परत आला.

"सॉना तापलाय," काठावरच्या वाफ घ्यायच्या लाकडी खोलीकडे बोट करत तो म्हणाला. "येतोस का?"

तार्मोच्या तोंडून उत्तर लगेच निघालं. "नको, हेन्ना वाट बघत असेल. लौकर ये म्हणाली होती."

"बरं," आऊलिस म्हणाला आणि आत गेला.

तार्मो गाडीत बसला. चावी फिरवली. हेन्ना बहिणीकडे गेली होती, उद्या येणार होती. ओल्या बोटांतून रक्त येऊन ते स्टिअरिंगला लागत होतं. सॉनाच्या चिमणीतून बर्चचा पांढरा धूर तळ्याकडे झुकत चालला होता. या माणसासमोर बसायचं, उघड्या अंगाने, अर्ध्या हाताच्या अंतरावर, आणि त्याने काही बोलायचं नाही, आपणही नाही, ही भीती त्याला घरी घेऊन चालली होती. आणि त्यासाठी त्याने पुन्हा तेच केलं होतं, पटकन जिभेवर येईल ते.

त्याने गाडी बंद केली. परत चालत गेला आणि दार ढकललं. आऊलिस आत बाकावर बसून पायमोजे काढत होता.

"हेन्ना वाट बघत नाहीये," तार्मो म्हणाला. "ती गावातच नाही. मी उगाच बोललो."

आऊलिसने दुसरा पायमोजा काढला, पिळला आणि खुंटीला लावला.

"बूट बाहेर काढ," तो म्हणाला. "आत सगळं ओलं होतं. टॉवेल तिकडे दांडीवर आहे."